वायसर

बाराव्या वर्षी माझे गुडघे सुजले, उतरले,
मग मनगटं सुजली, तीही उतरली.
ताप गेला आणि सगळे विसरले.
दर एकवीस दिवसांनी एक सुई घ्यायची होती,
निमजे नर्सबाईनं वहीत तारखा मांडून दिल्या होत्या.
लग्नात भांडी आली, कपाट आलं.
वही आली नाही.

अडतिसाव्या वर्षी नाल्याच्या चढावर
डोक्यावर तुराट्यांचा भारा
आणि डोळ्यांपुढे भरदुपारी रात्र.
उठून बसले तेव्हा भारा खाली, मी त्याच्या शेजारी.

हे पंचायत समितीचे हापशीवाले.
भिवापूर तालुक्यातल्या साऱ्या बोरिंगांचे आवाज यांना पाठ.
पाइपाला कान लावून सांगतात:
साखळी सुटली, रॉड झिजला, वायसर गेलं.
नागपूरच्या डॉक्टरनं पडद्यावर माझं काळंपांढरं हृदय दाखवलं,
तीन पाकळ्यांचं दार, चुन्यानं धरलेलं,
अर्धंही उघडत नव्हतं.
हे म्हणाले, "मंग वायसरच गेलं म्हना ना सायेब."
डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हो. तेच."

"गोळीनं नाई होत का?"
"गोळी अंगातलं पाणी काढेल, दम कमी लागेल.
दार गोळीनं उघडत नाही."

मग टेबलावर दोन झडपा.
एक धातूची. टिकेल जन्मभर,
पण रक्त पातळ ठेवायची गोळीही जन्मभर.
दुसरी जनावराची. गोळ्यांचा जाच कमी,
पण दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा हेच सगळं.
मांडीतून नळी घालून बसवतात तीही असते,
"ती शक्यतो म्हाताऱ्यांना. तुम्ही तरुण आहात."
लग्नानंतर पहिल्यांदा कुणी तरुण म्हटलं,
तेही असं.

कोणतं जनावर, हे यांनी नाही, मी विचारलं.
"डुक्कर. किंवा बैल."
शाळेमागच्या उकिरड्यावरची डुकरं आठवली,
त्यांना एवढं काही असतं आत?
"मूलबाळ व्हायचंय अजून?"
झाली दोन, बस.
धातूची उचलून पाहिली, बिब्ब्याहून थोडी मोठी.
म्हटलं, हीच द्या. पुन्हा कोण येतंय नागपूरला.

आता रात्री नऊला गोळी.
पाच दिवस एक, शनिवार-रविवार दीड.
महिन्याला उमरेडला रक्त द्यायचं,
आकडा दोन आणि तीनच्या मधे हवा.
पालेभाजी खा म्हणतात, पण रोज सारखीच,
एकदम ताटभर आणि मग महिनाभर नाही, असं नको.
हे तरोट्याला कोण सांगणार?
तो आखाडात येतो आणि बांधावर मावत नाही.
विळा सासूनं लपवून ठेवलाय.
मला सापडलाय, पण मी सांगत नाही.

दवाखान्यातून आले त्या रात्री
लाइट गेली, पंखा थांबला,
आणि छातीतलं टिकटिक सबंध खोलीला ऐकू आलं.
हे उठले. माझ्या पाठीला कान लावला,
जसा त्या थंड लोखंडाला लावतात, डोळे मिटून.
पुष्कळ वेळानं म्हणाले,
"बसली बराबर. गळत नाई."
आणि तसेच झोपले. माझी पाठ ओली झाली होती,
त्याबद्दल आम्ही बोललो नाही.

परवा उमरेडच्या एसटीत
शेजारणीचं पोट्टं माझ्याकडे बघत राहिलं.
"मावशी, घड्याळ कुठं हाय?"
मी दोन्ही हात पुढे केले.
त्यानं बांगड्या सरकवून पाहिल्या,
पिशवी पाहिली, सीटखाली वाकून पाहिलं.
स्टँड येईस्तोवर शोधत होतं.