घडी

आवाज हे माझं खातं.
कॅमेऱ्याला माणूस दिसतो, मला तो ऐकू येतो :
शर्टाच्या दुसऱ्या बटणामागे चिकटवलेल्या
तांदळाएवढ्या माईकमधून
त्याचा आवंढा, पोटातली गुरगुर,
'मी बरा आहे' म्हणण्याआधीचा
तो अर्धा श्वास.

अर्कान्सॉ. गाव एवढंसं
की स्वागताची पाटी आणि निरोपाची पाटी
एकाच खांबाला, पाठीला पाठ लावून.
वेंडेल स्ट्रिकलंड, वय अठ्ठावन्न,
पशुखाद्याचं दुकान. बायको जाऊन तीन वर्षं.
अर्ज त्याने भरलाच नव्हता,
चर्चमधल्या बायकांनी परस्पर भरला.

व्हॅनमधून पाच जण उतरले
अत्तराच्या ढगासकट.
पडदे उघडले, फ्रीज उघडला,
"ही मोहरीची बाटली माझ्याहून वयाने मोठी आहे!"
वेंडेल हसला. हसला म्हणजे
नाकातून थोडी हवा सोडली.
मी टिपली ती.

जुन्या कार्यक्रमातही मीच होते,
वीस वर्षांपूर्वी, केस काळे असताना.
तेव्हा कॉर्विन होता, जिभेला धार.
उंबऱ्याआधीच एक विनोद फेकायचा,
अनोळखी कुत्र्यापुढे आपण
बिस्किटाचा तुकडा टाकतो तसा.
ओहायोत एकदा, तो पाणी प्यायलेला ग्लास
घरच्या म्हाताऱ्याने
आमच्यादेखत कचऱ्यात टाकला.
कॉर्विन म्हणाला, "बरं केलंत, डिझाइन भयंकर होतं."
सगळे हसले.
माझ्या कानात त्याची छाती होती.
तिथे कोणी हसत नव्हतं.

आता नवा संच, नवं संगीत.
आता मिठ्या मारतात, रडतात, रडवतात,
आणि रडण्याला वेळापत्रकात जागा असते,
साडेतीन ते चार, ऊन मऊ झाल्यावर.
नावं नाही ठेवत मी.
कचऱ्यातल्या ग्लासापेक्षा
मिठी केव्हाही बरी.

कपाटाचा दिवस.
ओबेड हँगर सरकवतोय :
हे ठेवायचं, हे द्यायचं, हे तर जाळायचंच.
वरच्या फळीवरून एक खोकं निघालं.
आत शर्ट. फिका निळा, टाचण्या जागच्या जागी,
कॉलरखाली पुठ्ठा.
"याची घडीसुद्धा मोडली नाहीत?"

वेंडेलने छातीवर तळहात ठेवला.
लोकांना वाटतं, असं केलं की माईक मुका होतो.
उलट ठोके येतात,
रिकाम्या पिंपावर कुणी थाप मारावी तसे.
"भावाने पाठवलेला. लाइलने. माझ्या लग्नात घालायला.
बाप म्हणाला, तो या घरात नाही
तर त्याचं कापडही नाही.
मी गप्प बसलो."
मग बराच वेळ पिंप.
"तो तुमच्यासारखा होता."
आणि लगेच, जीभ चावल्यासारखं,
"आहे. आहे. टल्साला असतो."

प्रत्येक उशीवर मत असणारा ओबेड
काही बोलला नाही.
खोकं त्याने पलंगावर ठेवलं,
तिन्ही ढिगांपासून लांब.

कानात दिग्दर्शिका : "काय म्हणाला? मला ते हवंय."
सोनं होतं ते. अख्खा एपिसोड त्यावर उभा राहिला असता.
माझं बोट खाली आलं होतं, चुकून नव्हे.
म्हटलं, "वरून विमान गेलं, काही हाती लागलं नाही."
त्या गावावरून
विमानं जात नाहीत.

शेवटच्या दिवशी तो जिना उतरला
प्रायोजकांच्या जांभळ्या कोटात,
गळ्यापर्यंत बटणं, दाढी कोरलेली.
चर्चच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या,
आणि खरंच देखणा दिसत होता, खोटं कशाला बोलू.

सकाळी माईक मदतनिसाने लावलेला,
काढायला मी गेले.
ओसरीवर, कॅमेरे पेट्यांत गेल्यावर,
त्याने कोट उघडला.
आत फिका निळा.
इस्त्री नाही. छातीवर घड्यांच्या चार रेषा,
जुन्या नकाशावर असतात तशा.
वायर सोडवताना बोटाला काहीतरी टोचलं.
"माफ करा," तो म्हणाला, "एक राहिली वाटतं."

मी बोट चोखत पायऱ्या उतरले.
मागे त्याने खिशातून फोन काढला.
लावला की नुसता किती वाजले पाहिलं,
मला माहीत नाही.
माईक माझ्या मुठीत होता,
बंद.