चौदाव्या मिनिटानंतर

गुरुवारचा सिनेमा रसायनशास्त्राच्या इमारतीत असतो.
पडदा तोकडा, चित्र बाहेर सांडतं
भिंतीवरच्या मूलद्रव्यांच्या तक्त्यावर,
त्यामुळे प्रत्येक देशाच्या आकाशात, उजवीकडे वर,
थोडं तांबं आणि थोडं जस्त दिसतं.

एकतीस वर्षं मी इथं प्रोजेक्टर चालवतो.
आधी रिळं यायची, पत्र्याच्या डब्यांतून,
सेंट जॉन्सच्या बंदरात बर्फ असला की आठवडाभर उशिरा.
आता फाइल येते. उशीर होत नाही,
फक्त कधीकधी अर्धीच येते.

त्या रात्री धुकं असं, की बंदरावरचा भोंगा
मिनिटामिनिटाला खोकत होता.
तरी बेचाळीस माणसं आली.
सेमहारनं इरिट्रियाचा गोड पाव आणला, टॉवेलात गुंडाळून,
दलिसायनं नारळ घातलेल्या तांदळाच्या वड्या,
आणि ग्रंथालयातल्या मिसेस पार्डींनी काकवीतले टाउटन,
"आमच्याकडचंही काहीतरी असू दे की."
पोस्टरवर जॉर्जिया वाचून
दोघं अमेरिकेतलं जॉर्जिया समजून आले होते.
तेही बसले.

सिनेमा दोन बहिणींचा, बांधावरच्या एका अक्रोडाचा.
मुळं थोरलीकडे, फांद्या धाकटीकडे.
चौदाव्या मिनिटाला खालच्या ओळी थांबल्या.
तोंडं हलत राहिली.
समितीची फ्रेया लॅपटॉपशी झटापट करू लागली,
माझी पाचावर धारण.

तेवढ्यात मागच्या दारातून:
"ती म्हणते, तुझ्या नवऱ्याला झाड कळत नाही.
सावली विकता आली असती तर तीही विकली असती त्यानं."

लामारा. रात्रपाळीची. हातात मॉप, पायाशी बादली.
सात वर्षं आम्ही तिला रशियन समजत होतो,
तिनंही कधी दुरुस्त केलं नाही.
आमचं बोलणं दोन वाक्यांपुढे गेलंच नव्हतं:
पाय वर. थँक यू.

मी आवाज कमी केला.
ती बसली नाही. नवऱ्याचं जाड आवाजात सांगायची, सासूचं नाकात.
एका शिवीला आधी स्वतःच पोट धरून हसली,
मग म्हणाली, "हे इंग्रजीत होत नाही. मेंढीबद्दल आहे."
बेचाळीस माणसं मेंढीला हसली.

एक्कावन्नाव्या मिनिटाला थोरली फोन उचलते.
धाकटी आता इटलीत, कुणाच्या तरी आजारी आईला सांभाळायला.
चार मिनिटं थोरली बोलते,
कॅमेरा तिच्या कानामागून हलत नाही.
लामारा गप्प.
भोंगा चारदा वाजला.
कुणी मागे वळणार होता, शेजारणीनं त्याचं कोपर धरलं.
फोन ठेवल्यावर आवाज आला:
"थंडी आहे म्हणते. अक्रोड चांगले आले म्हणते."

नंतर प्राध्यापक अनुवादाच्या मर्यादांवर वीस मिनिटं बोलले.
लामारा तोवर तिसऱ्या मजल्यावर पोचली होती.
मिसेस पार्डींनी दोन टाउटन कागदात बांधून
लिफ्टजवळच्या कठड्यावर ठेवले.

सोमवारी पूर्ण फाइल आली.
आता तिची गरज नव्हती.
तरी संध्याकाळी दार लोटून मी थेट एक्कावन्नपाशी गेलो.
खात्री होती, बाईनं काहीतरी गिळलं असणार,
एखादं मरण, एखादी माफी.
ओळी एकेक करून उमटल्या:

थंडी आहे.
अक्रोड चांगले आले यंदा.
छपराचा पत्रा उडाला होता, बसवून घेतला.
तू खोकतेस का? नाही ना? मग ठीक.
अक्रोड पाठवले असते, पण टपालखर्च.
इकडे थंडी आहे.
चांगले आले अक्रोड.

माझे वडील दर रविवारी अल्बर्टात भावाला फोन करायचे
आणि टायरचे भाव विचारायचे.

मी यंत्र बंद केलं.
बोळातून बादलीची चाकं आली, दारात थांबली.
"पाय वर," ती म्हणाली.
मी वर केले.
मग विचारलं, तिकडे थंडी
साधारण कधी सुरू होते.