घट

आऊबाईचं वय तिच्या कागदांनाही नक्की ठाऊक नव्हतं.
रेशन कार्डावर एक साल, मतदान कार्डावर दुसरं,
आधारवर गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांसारखी एक जानेवारी.
विचारलं तर म्हणायची,
‘जाळपोळीच्या साली मी दोन पोरांची आई हुतो.
आता तूच घाल हिशेब.’
आणि मग कुणी न विचारता,
‘मास्तरांच्या घरची तांब्याची भांडी
तवा आमच्या कडब्याखाली हुती.’
एवढं बोलून चिमटा उचलायची.
पुढचं कुणाला कधी कळलं नाही.

हुपरीत आमच्या गल्लीला
दुपारी बायका उंबऱ्याच्या आत उजेड धरून बसत.
सावकाराकडून चांदी तोलून यायची,
तोलूनच परत जायची.
मधे जी हवेत, नखांत, फरशीच्या सांदीत राहायची
तिला घट म्हणत.
किलोमागं किती घट चालेल, ते ठरलेलं.
आज्जीची कायम कमी भरायची,
तरी मुनीम दोनदा तोलायचा,
आणि ती म्हणायची, ‘आता तिसऱ्यांदा तोल. माझ्यासाठी.’

कडीत कडी, कडीत घुंगरू.
तिच्या पायात पैंजण मी कधी बघितलं नाही.
‘हातात वाजतंय की दिवसभर.’

आजोबा माल घेऊन राजकोटला गेले होते,
माझ्या बाबांना दात येत होते तेव्हा.
आलं ते एक पोस्टकार्ड.
तिसरीत होते मी, तिनं ते डब्यातून काढून दिलं,
‘वाच बघू, तुला येतंय का.’
वाचलं: माल खपला नाही. मुलांस आशीर्वाद.
ती थोडा वेळ कार्डाकडं बघत राहिली.
‘अक्षर बरं हाय,’ म्हणाली.

पुण्याला कॉलेजात मुली हसल्या,
मुलगी असून येतो काय, जातो काय!
दोन महिन्यांत मी येते-जाते शिकले.
दिवाळीला घरी जाऊन ‘निघते’ म्हणाले,
तर आज्जी आतून,
‘कोण पावणी आलीया गं ही?’

मग मशीनची घुंगरं आली.
तिचे डोळे गेले ते त्याच सुमारास,
त्यामुळं नक्की कशानं काम थांबलं
ते तिला आम्ही सांगितलं नाही.
काकी एक खोटी साखळी द्यायची तिला,
आणि रात्री पकडीनं पुन्हा सुटी करून ठेवायची.
बोटांवर सगळं चाललेलं.
एकदा आज्जी म्हणाली, ‘ही कालचीच हाय.’
काकी गप्प.
‘असू दे,’ म्हणाली, ‘हात तरी माझंच हाईत.’
आणि जोडत राहिली.

रक्षाविसर्जन झाल्यावर
काकानं तिच्या बसायच्या जागेची फरशी उचकटली.
खालची माती, सांदीतली धूळ,
तिच्या गोधडीचा कोपरा सुद्धा
पोत्यात भरून झारेकऱ्याकडं दिलं.
त्यानं जाळलं, धुतलं, गाळलं,
पाचव्या दिवशी कागदाची पुडी आणून दिली.
साठ वर्षांची घट: नऊ ग्रॅम.
‘एवढीच?’ काका म्हणाला.
झारेकरी म्हणाला, ‘दुसऱ्या घरी पावशेर निघती,
हितं बाई कोण बसत हुती?’

काकानं ती काट्यावर ठेवली. पुन्हा ठेवली.
‘अजून एकदा,’ मी म्हणाले.

चांदी तशी सावकाराची.
सावकाराच्या नातवाचं आता मोबाईलचं दुकान आहे,
तो हसला, म्हणाला, राहू द्या की.
पुडी काडेपेटीत घालून देवाच्या फळीवर ठेवलीय.
कुणाची, ते अजून ठरलेलं नाही.

एसटीची वेळ झाली.
चपला घालताना मोकळ्या फरशीकडं बघितलं,
माती नीट चोपून बसवलेली.
‘काकी,’ म्हणालो, ‘मी निघतो.’