माझ्या मापाची नळी

देवबागला चाळीस वर्षं मासे कापले.
खवले, कल्ले, पोट.
डोळे उघडेच असायचे त्यांचे,
बघत मात्र नसायचे.

परवा पुतण्या म्हणाला,
“काकी, चल गो, आज गिऱ्हाईकच नाय.”
सुनेची लेगिंग चढवली,
तोंडात रबराची नळी, कुणाकुणाच्या थुंकीची.

कमरेपर्यंतचं पाणी माझं,
त्यापुढचं गडीमाणसांचं,
असंच धरून चालले होते.
पायाखालची वाळू सरली.
बोंबलायला तोंड मोकळं नव्हतं.

खाली, खडकाच्या कपारीत
एक तांबोशी.
थांबली.
तिनं माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी विळीवर बसले.
हात जरा अडला,
मग कापलीच. पोट आहे.
पण पुतण्याला बजावलंय,
मालवणला गेलास की नळी आण,
माझ्या मापाची.