मधला एक अंश

सकाळच्या बातम्या आमच्या गल्लीत दोनदा होतात.
दुंडाप्पाच्या घरात धारवाड,
आमच्यात सांगली.
धारवाड म्हणालं एक्केचाळीस,
सांगली म्हणाली बेचाळीस,
आणि तायव्वा डोक्यावरची घागर उतरवत म्हणाली,
"मग मधला एक कुठं गेला गं?"
"इथंच की," मी म्हटलं. "आपल्या पत्र्याखाली."

अथणीत अकरा दिवस असेच गेले.
पाडवा होऊन पंधरवडा नाही झाला
आणि झळ वैशाखाची, उसनी आणल्यासारखी.
काळ्या रानाला एवढाल्या भेगा
की सत्यव्वाची कोंबडी एकीत पाय अडकवून
दुपारभर ओरडत बसली.
कुणी उठलं नाही.
चौकापर्यंत जाऊन येणं म्हणजे
गावाला जाऊन आल्यासारखं होतं.

कातडं तर ऐकेनाच.
रात्रभर भिजत घातलेलं
सकाळी रापीखाली धरलं की पापडासारखं वाजायचं.
वेणीच्या वाद्या, दोऱ्याएवढ्या बारीक,
तिसऱ्या पेडाला तटकन तुटायच्या.
दिवसाला सहा जोडांची वेणी घालते मी.
या अकरा दिवसांत सगळे मिळून नऊ.
व्यापारी फोनवर म्हणतो, "लग्नसराई आहे, बाई."
त्याच्या फोनमागून एसीचा आवाज येतो,
लांब कुठंतरी पाणी वाहिल्यासारखा.
मी तो ऐकत राहते,
त्याला वाटतं मी गप्प बसले.

समोरचा हवालदार येसबा
सतरा वर्षं फौजेत, त्यातली चार बाडमेरला.
संध्याकाळी बाजेवर बसून सांगायचा,
"वाळवंट बरं, पोरी.
तिथलं ऊन दिवसाचा हिशेब दिवसाला मिटवून जातं.
रात्री वाळू गार. कांबळं लागतं, कांबळं.
हे इथलं ऊन पाहुण्यासारखं.
जेवतं, झोपतं,
आणि सकाळी तुमच्या आधी उठून बसतं."
खरं होतं ते.
रात्री दोनला भिंतीला हात लावावा
तर भाकरी उतरवल्यावर तवा असतो, तशी.

बाराव्या रात्री काही झालं नाही.
ढग आला नाही, वीज चमकली नाही,
पाऊस तर कुणाच्या तोंडातही नव्हता.
एवढंच, की साडेतीनच्या सुमाराला
दोरीला टांगलेले जोड हलले
आणि एकमेकांवर आपटले.
लाकडासारखे नाही. मऊ.
लहान मूल झोपेत टाळी वाजवतं, तसे.
वारा मावळतीकडचा होता.
घाट चढून, चिकोडी, रायबाग मागं टाकून आला असेल.
वाटेतल्या पाट्या त्यानं वाचल्या नसाव्यात.

आमचा सासरा म्हणायचा,
चपलेला कान असतात ते उगाच नाहीत.
त्यांनी माझ्या आधी ऐकलं.

मी दाराशी आले.
येसबा बाजेवर, फौजेत झोपावं तसा सरळ,
आणि पायथ्याची चादर
छातीपर्यंत ओढून घेतलेली.
वाळवंट त्याला शोधत आलं होतं बहुतेक.
मी त्याला उठवलं नाही.

सकाळी धारवाड म्हणालं अडतीस.
सांगली म्हणाली अडतीस.
दुंडाप्पानं रेडिओ बंद केला, आम्हीही केला.
तायव्वा घागर घेऊन आली, उंबऱ्यात थांबली,
तळहात उन्हात धरून बघितला
आणि म्हणाली, "तंपातु."
मी म्हटलं, "व्हय, निवलं जरा."
मग दोघींना पुढं काही सुचेना.
अडतीस म्हणजे काही थंडी नव्हे.
टँकर अजून तिसऱ्या दिवशीच येणार होता.

कातडं उचललं. वाकलं.
पहिला पेड, दुसरा,
तिसऱ्याला मी श्वास धरला.
वादी बोटावरून गेली, ओढली, बसली.

हा दहावा जोड.
व्यापाऱ्याला फोन करायचाय, करीन.
आधी हा डावा कान शिवून होऊ दे.