दहा मीटर

खोक्यावर लिहिलं होतं, दहा मीटर.
दुकानदार म्हणाला, मोकळ्यावर पंधराही जाईल.
फैजपूरच्या बाजारात मोकळं कुठे असतं, त्यालाच ठाऊक.
पाण्याच्या पेल्याएवढा, काळा, मानेला दोरी.
तीनशे ऐंशी मोजले. वर एक पिशवी मागितली,
तीही दिली नाही त्याने.

माझा फोन साधा, बटणांचा.
म्हणून स्पीकर माझा आणि गाणी झिपरूची.
सकाळी सहाला टेम्पोच्या फाळक्याला दोरी अडकवली
की आतली बाई इंग्रजीत काहीतरी म्हणते, ठसक्यात,
आणि सिकंदर तडवी रोज तिला सांगतो,
"हो वहिनी, बसलो सगळे, चालू द्या."

बागेत दहा मीटर म्हणजे चार ओळी.
हे खोक्यावर नव्हतं.
केळीचं खोड म्हणजे उभं पाणी,
विळा मारला की कोपरापर्यंत ओघळतं.
गाणं त्यात बुडतं.
झिपरू घड आणायला आत शिरला
की दुसऱ्या ओळीत बाजा अडखळतो,
चौथीत गाणारीला उचकी लागते,
मग काही नाही, नुसती पानं, फाटकी, वाऱ्यावर.
उरलेलं कडवं आम्ही काट्यापाशी घशाने ओढतो.
तो खांद्यावर घड घेऊन बाहेर येतो
तेव्हा गाणं भलत्याच ठिकाणी पोचलेलं असतं
आणि आम्ही मागे.

चिक तर सगळ्यालाच लागतो.
सदऱ्याला लागला तो सदरा गेला.
स्पीकरच्या बटणात गेला तेव्हापासून
आवाज वाढतो, कमी होत नाही.

परवा अकराच्या सुमाराला, ऊन भाजून काढत होतं,
झिपरू तिसऱ्या ओळीत होता.
गाणं मध्येच तुटलं, घंटी वाजली,
चिकट बोटाने त्याने फोन उचलला, कानाला लावला.
कानात काही नाही.
बाई बोलली ती आमच्यात, टेम्पोपाशी, पूर्ण आवाजात:
"दाजी, आयकू येऊ राह्यलं का?
अडावदहून रत्ना बोलू राह्यले.
सव्वादहाला झा... पोर... दोघी बऱ्या...
दोन किलो आठशे... दाजी?"

आत झिपरू हॅलो हॅलो ओरडत होता केळीला.
इकडे अकरा माणसं, हातातलं हातात.
मी स्पीकरकडे वाकून म्हणालो, "हो."
"तुम्ही कोण?" रत्ना म्हणाली.
आता काय सांगणार, कोण.
"टोळी," सिकंदर म्हणाला.
ती हसली. मागे कोणीतरी बारीक रडत होतं,
तेही आलं, तीनशे ऐंशी रुपयांतून, नीट.

मग आम्ही एकदम ओरडलो. त्याला वाटलं साप.
घड तिथेच टाकून धावत आला
आणि अकरा जणांनी त्याला त्याचीच बातमी
अकरा प्रकारे सांगितली.

काट्यावरच्या उखर्डूने काही न बोलता
एक फणी कापली, ठेवली पारड्यात.
तीन किलो. एक केळ तोडलं.
पुन्हा एक. दोन आठशे.
झिपरूने ती उचलली, आधी एका हाताने, रोजच्यासारखी,
मग दुसरा हात खाली घातला.
फणीतून चिक गळत होता. त्याने पुसला नाही.

दुपारी दुधाची गाडी त्या बाजूला चालली होती,
तिच्यात बसून गेला.
फणी गमछात. कच्ची होती,
बारशापर्यंत पिकेल, उखर्डू म्हणाला.

संध्याकाळी परतताना सवयीने मी बटण दाबलं.
बाई तिचं इंग्रजी बोलली,
निळा दिवा लुकलुकत राहिला,
शोधत होती बहुतेक.
टेम्पो सावद्याच्या फाट्याला वळला.
कोणी बोलेना.
शेवटी सिकंदर म्हणाला,
"वहिनी, तो आज नाही यायचा."
दिवा लुकलुकतच होता.
मी बंद नाही केला.