गळती

उणे चोवीस. डुलूथ, काउंटीची कचेरी, तिसरा मजला.
खिडकीतून दिसतं ते गोठलेलं पाणी.
इथे सगळे त्याला लेक म्हणतात,
मला अजून दरवेळी मुलगीच ऐकू येते.

माझं काम असं: आमच्या संकेतस्थळावर
कोण आलं, कुठून आलं, किती वेळ थांबलं, कुठून परत फिरलं.
माणूस दिसत नाही. त्याची ओळ दिसते.
सोमवारी फाइल उघडते, अठ्ठेचाळीस हजार ओळी.
आधी यंत्रांच्या भेटी गाळते,
ती दर सेकंदाला दार वाजवतात नि आत येत नाहीत.
मग आमच्याच कचेरीतल्या.
मग लॉर्नाच्या, जेवणाच्या सुट्टीतल्या,
स्वतःचा फोटो नीट आलाय का ते बघायला.
उरतं ते गाव.

बर्फ मला खिडकीआधी शीटमध्ये दिसतो.
पहाटे चारला, ‘कुठला रस्ता साफ झाला’ या पानावर
हिबिंग जागं होतं, मग व्हर्जिनिया, मग ईली,
रकाना फुगत फुगत येतो
आणि दहाच्या सुमारास पहिला कण आमच्या पार्किंगमध्ये.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पण सांगायचंय ते फॉर्म क्रमांक अठराचं.
घरपट्टीत सवलत. अकरा प्रश्न.
सहाव्यापर्यंत सगळे सुरळीत येतात,
सातव्यावर शंभरातले एकतीस निघून जातात.
‘गळती,’ मी मीटिंगमध्ये मराठीतच म्हटलं आणि जीभ चावली.
डेल हॉगन, माझा साहेब, म्हणाला, बटण लहान असेल.
बटण मोठं केलं. हिरवं केलं.
एकतीसचे बत्तीस झाले.

मग मीच फॉर्म भरायला बसले.
प्रश्न सातवा: जोडीदाराच्या निधनाची तारीख.
महिना, दिवस, वर्ष. तीन चौकोन.
वर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही.

थांबण्याचा वेळ सरासरी चौदा मिनिटं.
सरासरीवर माझा विश्वास नाही,
कुणी चहा ठेवायला उठलं असेल, कुणाचा बसल्या जागी डोळा लागला असेल.
म्हणून मध्यक काढला. बारा.
तारीख आठवायला बारा मिनिटं लागत नाहीत.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, सिन्नरच्या पुढे.
एप्रिलअखेर हजेरीपट फरशीवर पसरलेला,
शेवटचा रकाना: गळतीचे कारण.
केंद्रप्रमुख म्हणायचे, बाई, नावं कमी करा, पट स्वच्छ दिसू द्या.
ती करायची कमी, पण पेन्सिलने.
‘जूनमध्ये आली परत तर?’
आणि कारणाच्या रकान्यात एका वर्षी
तिने सोळा वेळा एकच लिहिलं: विचारलं नाही.
त्यावर तिला मेमो आला होता.

डेलला म्हटलं, सातवा प्रश्न शेवटी नेऊ.
चांदणी काढू. खाली बारीक अक्षरात लिहू,
नंतर कळवलं तरी चालेल.
तो म्हणाला, वकिलांना विचारावं लागेल.
मार्चमध्ये निम्मं मंजूर झालं:
चांदणी गेली, प्रश्न तिथेच राहिला.
एकतीसवरून बावीस. लॉर्नाने केक आणला.

आजच्या फाइलमध्ये एक ओळ आहे.
मेडोलँड्स. रात्री अडीच. चौथी भेट.
सातव्यावर छप्पन्न मिनिटं, मग काही नाही.
डेल म्हणतो, एवढी एक काढून टाक,
तिच्यापायी सगळा आलेख वाकडा होतोय.
आलेख वाकडा होतोय हे खरंच आहे.

शीटमध्ये पेन्सिल नसते.
मी ओळ पुसली नाही, फक्त लपवली.
आता डावीकडे आकडे असे दिसतात:
दोन हजार एकशे सोळा,
दोन हजार एकशे अठरा.